स्रोत : पोलीस ठाणे

माझ्या नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांबद्दल लोक हौसेने विचारतात. दरोडा, खून, बंदरावर पकडलेला डिझेलचा साठा. ते सांगताना तपशील आठवायला मला मधेच थांबावं लागतं. ही घटना मात्र मी न अडखळता सांगू शकतो, त्या दिवशी टेबलावरचा चहा गार झाला होता इथपर्यंत. हिच्यात खून नाही, चोरी नाही, कुणाच्या हातात बेड्या पडल्या नाहीत. तरी सेवेतली कुठली घटना मनातून जात नाही असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची आहेत ते वाचतील आणि ओळखतील.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. रत्नागिरीतल्या किनाऱ्यालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, गस्तीचा अहवाल बघून झाला होता आणि मी स्टेशन डायरीवर सही करत होतो. ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, एक मासेवाली आल्ये. फिर्याद द्यायची म्हणते. पाटी बाहेर ठेव म्हटलं तर ऐकत नाय."

पाठोपाठ ती पाटीसकट आत आली. साठीच्या घरातली बाई. आसपासच्या सगळ्या आळ्या तिला चाची म्हणायच्या, मीही म्हणायचो, कारण आमच्या घरीही तीच मासळी द्यायची. मी मूळचा मंडणगडकडचा, म्हणजे डोंगरातला. मासळीतलं मला फार कळत नाही. पण सकाळचे अकरा वाजले असताना मासेवालीची पाटी भरलेली आहे, याचा अर्थ डोंगरातल्या माणसालाही कळतो.

"चाची, बसा. काय झालं?"

"बसायला नाय आल्ये सायब. लिवून घ्या."

"काय लिहू?"

"मी लोकांना मारायला निघाल्ये, असं कोनतरी पसरवतंय. त्याचं नाव लिवा."

"कोण पसरवतंय?"

"ते तुमी शोधायचंय. मला ठावूक असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

मी चहा मागवला. हळूहळू ती बसली आणि बोलू लागली. तीन दिवसांपासून कुणी तिच्याकडून मासळी घेत नव्हतं. हाक मारली की दारं लागत होती. कुणी धड कारण सांगत नव्हतं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे मोबाईलवर काय फिरतंय हे तिला कळायला मार्ग नव्हता. एका आळीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या पडवीच्या पायरीवर चाची गेली वीस वर्षं रोज पाटी उतरवून बसायची, पाणी प्यायची, दोन शब्द बोलायची आणि पुढे जायची.

"बाईंनी पन दार उघडलानी नाय," ती म्हणाली. "खिडकीतनं बोलल्या, आज नको गो चाची. तीन दिस तेच. चाळीस घरं फिरते मी सायब, पन बसते फकस्त तितं."

मग डोळे न पुसताच म्हणाली, "मला भरपाई नको, काय नको. त्या पायरीवर परत बसता आलं पायजे. तेवडं लिवा."

फिर्यादीत असं लिहिता येत नाही. मी अदखलपात्र नोंद घेतली. गैरअर्जदाराच्या जागी 'अज्ञात इसम' असं लिहिलं आणि आमच्या हवालदाराला विचारलं, हा काय प्रकार आहे. त्याने जरा वेळ लावून मोबाईल पुढे केला. त्यावर मजकूर होता, 'सावधान! रत्नागिरीत मासळीवर प्रेत टिकवायचं औषध मारून विक्री. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल. शाळकरी मुलीची प्रकृती गंभीर. पोलिसांनी दुजोरा दिला आहे. ही बाई दिसल्यास मासळी घेऊ नये. सर्वांना पाठवा.' खाली फोटो. चाची बंदरावर बसलेली आहे, पुढे बांगड्यांचा ढीग, आणि ती मुठीतून त्यावर पांढरी पूड टाकते आहे. चाचीबद्दल मजकुरात आणखीही दोन ओळी कुणीतरी जोडल्या होत्या, त्या मी इथे लिहीत नाही.

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने तो हाताच्या अंतरावर नेऊन पाहिला.

"ह्ये मीठ हाय," ती म्हणाली. "खारे बांगडे घालत व्हते."

अख्खी रत्नागिरी पावसाळ्यात खारा बांगडा भाजून खाते. मीठ कसं दिसतं हे इथल्या लेकराला ठाऊक. तेच मीठ मोबाईलच्या काचेत दिसलं आणि लोकांना ते औषध वाटलं. मला राग आला, पण तो मिठावरून नव्हे. "पोलिसांनी दुजोरा दिला? कधी? कुणी?" मी हवालदारावरच ओरडलो. "इथला पोलीस म्हणजे मी. मला न विचारता दुजोरा देणारा कोण हा?"

हवालदार टेबलाच्या काचेकडे बघत राहिला. माझ्या आवाजाने दबला असेल, असं मला वाटलं.

आणखी एक गोष्ट आत्ताच कबूल करतो. तो फोटो मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला होता. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा वाटण्याने मला कित्येकदा गुन्हेगारापर्यंत नेलं होतं. त्या दिवशी मात्र मी त्याला झटकून टाकलं. दिवसाकाठी शंभर फोटो डोळ्यांखालून जातात, त्यातलाच एखादा असेल म्हटलं.

सायबरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, असे निरोप मुळापर्यंत शोधायला वेळ लागतो आणि आधी रीतसर गुन्हा दाखल हवा. मग मी जुन्या पद्धतीने जायचं ठरवलं. ज्याच्याकडे निरोप आहे त्याला विचारायचं, तुला कुणी पाठवला. मग त्याच्याकडे जायचं. चोरीचा माल शोधताना आम्ही हेच करतो. शेवटच्या विकत घेणाऱ्यापासून सुरुवात करायची आणि एकेक दार मागे मागे जायचं. सोबत आमच्या ठाण्यातली महिला पोलीस नाईक घेतली. हुशार बाई, आणि लोकांना तिच्याशी बोलायला भीती वाटत नसे.

पहिला एका इमारतीचा सेक्रेटरी. सुशिक्षित, पायजम्यालाही इस्त्री करणारा माणूस. मजकुरातली गंभीर प्रकृतीची शाळकरी मुलगी त्याने घातली होती, हे त्याने दहा मिनिटांत कबूल केलं.

"आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला उलट्या झाल्या होत्या साहेब."

"मासळी खाऊन?"

"तसं नाही म्हणता येणार. लग्नाला गेली होती ती, खेडला."

"लग्नात मासळी होती?"

"नाही. शाकाहारी लग्न होतं."

नाईकबाईने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. तिला हसू आवरत नव्हतं.

"मग तुम्ही असं का लिहिलंत?"

"लोक गंभीरपणे घेत नाहीत हो नाहीतर," तो म्हणाला. आपण काही वाईट केलंय असं त्याला अजूनही वाटत नव्हतं. खोटं बोलणारी माणसं मी ओळखतो, त्यांची नजर फिरते. याची नजर फिरत नव्हती. हा भल्याच्या भावनेने खोटं बोलला होता आणि अशा माणसाची चौकशी सगळ्यात अवघड असते.

त्याला निरोप आला होता एका औषध दुकानदाराकडून. तो म्हणाला, "मला खात्री नव्हतीच साहेब. म्हणून तर पुढे पाठवला. म्हटलं, कुणाला तरी माहिती असेल." त्या आठवड्यात मी नऊ जणांना विचारलं. नवांपैकी एकानेही चाचीला विचारलं नव्हतं, आणि त्यातले सहा जण तिचे रोजचे गिऱ्हाईक होते. 'खरं कशावरून वाटलं?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच होतं. पाठवणारा माणूस चांगला आहे. शिवाय पोलिसांनी दुजोरा दिलाय म्हणे. हे 'म्हणे' आलं की माझं डोकं फिरायचं. प्रत्येकाला विचारायचो, हे पोलिसांचं कुणी सांगितलं? तेव्हा लोक एकमेकांकडे बघायचे आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, वर्दीला घाबरतायत.

धागा पुढे सरकेना. सापडला तो नाईकबाईला. चहा पिता पिता ती फोटो मोठा करून बघत होती.

"साहेब, ही कडेची नक्षी बघा. स्केचपेनची आहे. आणि वर अर्धवट कापलेलं अक्षर दिसतंय, 'भेसळ : एक अभ्यास'. हा शाळेचा प्रकल्पाचा तक्ता आहे. माझी मुलगी अशीच किनार काढते."

मग आम्ही निरोपासोबत आलेल्या त्या प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटोही मोठा करून वाचला. इतक्या दिवसांत तो एकानेही वाचला नव्हता, मीसुद्धा नाही. तो भलत्याच राज्यातला होता, जुना होता आणि बांगड्याचा नव्हताच. तीन ओळी वाचल्या असत्या तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

गावातल्या शाळा धुंडाळायला लागलो आणि दुसऱ्याच शाळेत तो तक्ता भिंतीवर लावलेला सापडला. नववीचा वर्ग. विज्ञानाच्या बाई तरुण होत्या, मन लावून शिकवणाऱ्या. त्या घाबरल्या, पण लपवाछपवी केली नाही.

"मी मुलांना सांगितलं होतं सर, इंटरनेटवरून उचलून आणू नका, स्रोत लिहा. दोन तरी वेगवेगळे स्रोत हवेत. आणि एक स्थानिक उदाहरण. त्याला वेगळे गुण ठेवले होते."

तक्ता केलेली मुलगी बंदराजवळ राहणारी होती. वडिलांचं तिथे जाळी-दोऱ्यांचं दुकान. तिच्याशी बोलताना मी साधे कपडे घातले होते, तिची आई शेजारी होती, विज्ञानाच्या बाई होत्या आणि प्रश्न नाईकबाईने विचारायचे असं ठरलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात बसलो. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"फोटो तू काढलास?"

"हो."

"ते पांढरं काय होतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. आई तिला ढोसू लागली, तसं मी खुणेने थांबवलं. चौकशीत गप्प बसण्याचा वेळ द्यावा लागतो, हे मी नोकरीत नवा असताना एका वरिष्ठांकडून शिकलो होतो.

"मला वाटलं होतं, मीठ असेल," ती म्हणाली. "पण स्थानिक उदाहरण हवं होतं. म्हणून लावला. खाली मी 'असे होत असावे का?' असं लिहिलं होतं. कच्चा तक्ता मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, कसा झालाय विचारायला. मग मला बरं वाटेना. मी तो फोटो काढून टाकणार होते, खरंच."

"मग काढला का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण आहे हे तिला माहीत होतं.

"मग तोच फोटो पप्पांच्या मोबाईलवर आला. पोलिसांच्या ग्रुपवरून. म्हटलं, म्हणजे मीठ नव्हतं. मलाच कळलं नव्हतं."

मी म्हणालो, "कुठला पोलिसांचा ग्रुप?"

ती उठली आणि भिंतीवरचा तक्ता काढून आणला. सुंदर अक्षर. तळाशी चौकट आखून बारीक अक्षरात स्रोत लिहिले होते, पहिल्यांदा तक्ता पाहिला तेव्हा ते मी वाचलेच नव्हते. एक, इंटरनेटवरील अहवाल. दोन, प्रत्यक्ष निरीक्षण. तीन, पोलीस ठाणे. पुढे आमच्या ठाण्याचं नाव. प्रश्नचिन्हावर पांढरा रंग फासून ते पुसलेलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी लाल शाईने पैकीच्या पैकी गुण दिले होते.

सागरी सुरक्षेसाठी आम्ही बंदरावरच्या लोकांचा एक ग्रुप केला होता. होडीवाले, दुकानदार, पोलीस पाटील. अनोळखी होडी दिसली तर कळवायला. त्यात आमच्या सूचना फक्त ठाण्याच्या मोबाईलवरून जायच्या, आणि तो मोबाईल माझ्या खिशात असायचा. मी तिथेच, त्या ग्रंथालयात, तो काढून मागे मागे गेलो. सापडलं. त्या दिवशी अंगारकी होती आणि मी गणपतीपुळ्याला बंदोबस्तात होतो. रांगा समुद्रापर्यंत गेलेल्या, वॉकीटॉकी कानाशी, चष्मा गाडीत. सकाळी फिरायला भेटणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला तो फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'साहेब, हे खरं आहे काय?' मी त्यांना उत्तर दिलंच नव्हतं. फोटो उचलून ग्रुपवर टाकला होता आणि खाली ओळ लिहिली होती, 'सदर बाबत सर्वांनी दक्षता घ्यावी.'

त्या गृहस्थांनी पोलिसाला विचारायचं ते बरोबर विचारलं होतं. माझ्याकडे तो प्रश्न म्हणून आला आणि माझ्याकडून हुकूम होऊन बाहेर पडला. पुढे कुणीतरी त्या एका ओळीचं भाषांतर केलं, 'पोलिसांनी दुजोरा दिला आहे.' त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि नऊ जण माझ्यासमोर विषय का बदलत होते, तेही मला तेव्हा कळलं.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. चौदा वर्षांच्या मुलीचे डोळे चांगले होते. मीठ तिला मीठच दिसलं होतं. तिचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास मी उडवला होता.

ठाण्यात परतल्यावर हवालदाराला आत बोलावलं. "तुला माहीत होतं?"

"होय साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तेव्हा वाटलं, साहेबांनी खात्री केली असंल. आणि मग तुमी ओरडलात. मग कसं बोलणार?"

त्याचं काय चुकलं? मी स्टेशन डायरीला स्वतःच्या हाताने नोंद केली की सदर निरोप ठाण्याच्या मोबाईलवरून, माझ्याकडून, खात्री न करता पाठवला गेला. वरिष्ठांना तसा अहवाल दिला. त्यांनी मला लेखी ताकीद दिली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ती योग्यच होती.

सगळ्यात अवघड चाचीला सांगणं होतं. बंदरावर गेलो. ठाण्यापासून चालत पंधरा मिनिटं. ती नेहमीच्या जागी बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे तो अज्ञात इसम तुमी," ती शेवटी म्हणाली.

"होय."

"तुमच्या घरातनं वैनींनी पन चार दिस घेतलानी नाय. तवा मला वाटलं, पोलिसाच्या घरातलं मानूस दार लावतंय म्हंजे मीच कायतरी केलं असंल. मी मिठाची पिशवी घरी नेऊन चाखून बघितली सायब."

हे ऐकून माझ्याच्याने तिथे उभं राहवेना. तरी उभा राहिलो.

त्याच दिवशी ग्रुपवर खुलासा टाकला. माझं नाव, माझी चूक, मीठ आहे, सगळं स्पष्ट लिहिलं. दोन जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पुढे कुणीच पाठवला नाही. खोटं आठ दिवसांत सगळ्या आळ्या फिरून आलं आणि खरं जिथल्या तिथे बसून राहिलं. चौथ्या दिवशीही पाटी भरलेलीच परत आली.

मग मी ठरवलं की जिथे जिथे माझा निरोप गेला तिथे मीच जायचं. सकाळी आठ वाजता वर्दी घालून चाचीबरोबर निघालो. ती पुढे, मी मागे. प्रत्येक दारात ती हाक मारायची आणि मी सांगायचो, 'तो निरोप माझ्याकडून गेला. मी तपासला नव्हता. चूक माझी आहे, मासळी चांगली आहे.' वर्दीतला अधिकारी मासेवालीच्या मागून फिरतो हे बघायलाच अर्धी आळी बाहेर आली. एकजण म्हणाला, "साहेब, तुम्हांला बंदोबस्ताला हीच जागा दिली काय?" मी म्हटलं, "होय, आणि जागा सोडायची नाही असा हुकूम आहे." लोक हसले, पाटीतून थोडी मासळी गेली. सेक्रेटरीने अर्धा डझन बांगडे घेतले आणि माझ्याकडे न बघता आत गेला.

बाईंच्या दाराशी आलो. चाचीने हाक मारली नाही. पायरीपासून चार पावलं अलीकडेच ती थांबली. मीच कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ. मी माझं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी वर्गातल्या मुलाचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात म्हणून मी मासळी घेतली नाही," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही म्हणताय म्हणून घेऊ? उद्या पुन्हा काही म्हणालात तर?"

मी चांगल्या चांगल्या वकिलांच्या उलटतपासणीला तोंड दिलं आहे, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"सरका बाजूला," बाई म्हणाल्या. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, पाटीशी वाकल्या, एक बांगडा उचलला आणि अंगठ्याने त्याचा डोक्यालगतचा कल्ला वर करून पाहिला. आत लालभडक होता, म्हणजे ताजा. मग बोटाने पोट दाबलं, वास घेतला. रत्नागिरीतली प्रत्येक बाई मासळी घेताना हे करते. आई मुलीला सांगते, मासेवाली काय म्हणते ते ऐकू नको, कल्ला उचलून बघ. वीस वर्षं बाई रोज हे करत होत्या. नेमके ते दोन-तीन आठवडे त्यांनी केलं नव्हतं.

"हे मी त्याच दिवशी खाली उतरून करायला हवं होतं," त्या चाचीला म्हणाल्या. "शिकलेली ना मी. खिडकीतूनच शहाणपण केलं. बस गो, पाणी आणते."

चाची पायरीवर बसली. पाटी उतरवली. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिलो, कारण वर्दीत असताना काही गोष्टी बऱ्या दिसत नाहीत.

सगळी दारं उघडली नाहीत, हेही सांगायला हवं. तीन घरं कायमची गेली. चाची म्हणते, ती घरं माझी नव्हतीच. मला तसं वाटत नाही. ती घरं मी घालवली.

शाळेतल्या बाईंनी मला नववीच्या वर्गावर बोलावलं. मोबाईलवर आलेलं खरं-खोटं कसं ओळखायचं, यावर सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, त्या विषयात मी नापास झालेला माणूस आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच या. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. जबाब कसा घेतात ते मुलांना करायला लावलं. एकाने साक्षीदार व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? ऐकलंस तर कुणाकडून? त्याने पाहिलं होतं का? दोन साक्षीदार एकच सांगत असतील तर दुसरा पहिल्याकडूनच ऐकून आलेला नाही ना? मग त्यांच्याच मोबाईलवरचे निरोप काढायला सांगितले आणि एकेकाचा जबाब घ्यायला लावला. तासाभरात निम्मे निरोप साक्षीला उभेच राहू शकले नाहीत. एका मुलाने विचारलं, "सर, पण पाठवणारा पोलीस असेल तर?" मी म्हटलं, "तर त्याचाही जबाब घ्यायचा. त्याला राग आला तरी."

तासाच्या शेवटी मी दारात थांबलेल्या चाचीला आत बोलावलं. तिने बरोबर बांगडे आणले होते आणि मिठाची पिशवी. मुलांसमोर खाली बसून तिने बांगडा चिरला, पोटात मीठ भरलं, वरून मुठीने टाकलं. अगदी फोटोतल्यासारखं. पोरं एकेक करून मीठ चाखून गेली. शेवटी ती मुलगी आली. तिने मीठ चाखलं नाही. ती म्हणाली, "चाची, माझ्यामुळं झालं सगळं. मी तुम्हांला विचारायला हवं होतं."

चाचीने हात फडक्याला पुसले आणि तिचा हात धरला.

"इचारायचं व्हतंस गो बाय," ती म्हणाली. "मी तितंच तर बसलेली व्हते."

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. रत्नागिरीतच राहतो. मोबाईलवर रोज काही ना काही येतं आणि पाठवणारे सगळे चांगलेच असतात. घटनास्थळी जा, पाहणाऱ्याला विचारा, ऐकीव धरू नका, हे मी नव्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. आणि एका बाईची रोजीरोटी हातात असताना पंधरा मिनिटं चालत गेलो नाही. नऊ जणांवर मी मनातून चिडलो होतो की एकानेही तिला विचारलं नाही. दहावा मी होतो. ती तिथेच तर बसलेली होती.